मायना, गाव नमुना आणि मॅक्रो : लेखनसाच्यांच्या इतिहासाची एक बाजू

१

लेखनव्यवहाराचा इतिहास पाहताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा कागदावरील मजकुराकडे जाते. ज्या साच्यात तो मजकूर बसविला गेला त्या साच्याकडे क्वचितच जाते. पत्रातील नावे, रकमा, तारखा आणि घडामोडी टिपून घेतल्या जातात. आरंभीचा मायना आणि शेवटची समाप्ती मात्र ठराविक म्हणून बाजूला पडतात. वस्तुतः ठराविक असणे हाच त्या भागाचा विशेष होय. जे प्रत्येक पत्रात पुन्हा पुन्हा येते, ते कोणीतरी एकदा ठरविलेले असते, कोणीतरी जपलेले असते आणि ते बदलण्याचा अधिकार कोणाला आहे व कोणाला नाही ह्याचीही काही व्यवस्था असते.

आज कचेरीतील लेखन वर्ड प्रोसेसर ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगणकीय साधनावर होते. त्यात टेम्प्लेट आणि मॅक्रो अशा दोन सोयी असतात. टेम्प्लेट म्हणजे कोरा साचा : कागदाचा समास, शीर्षक, अक्षराची घडण आणि कायमचा मजकूर त्यात आधीच भरलेला असतो व बदलत्या मजकुरासाठी जागा मोकळ्या ठेवलेल्या असतात. मॅक्रो म्हणजे एका खुणेने किंवा एका कळीने पार पडणारी क्रियांची ठरलेली मालिका. हे शब्द नवे आहेत. त्यांनी दर्शविलेली कामे नवी नाहीत. यादवकाळापासून महाराष्ट्रात, आणि विशेषतः वऱ्हाडासारख्या अनेक राजवटींच्या सीमेवर राहिलेल्या प्रांतात, हीच कामे मायना, मसुदा, संक्षेप आणि नमुना ह्या नावांनी चालत आली. ह्या परंपरेचा आढावा घेणे आणि तिच्यातून साच्यांच्या व्यवस्थेविषयी काय शिकता येते ते पाहणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. आधारासाठी बुलढाणा जिल्ह्यातील वडनेर भोलजी हे एकच गाव दृष्टीसमोर ठेविले आहे.

२

वडनेर भोलजी हे नांदुरा तालुक्यातील गाव मलकापूर आणि नांदुरा ह्यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्गावर आहे. इंग्रजी अमलात हा मुलूख मलकापूर तालुक्यात मोडत असे. गावाचे जोडनाव हाच साच्यांच्या इतिहासातील पहिला पुरावा म्हणता येईल. वडनेर नावाची गावे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. नाशिक जिल्ह्यात चांदवड तालुक्यात वडनेर भैरव आहे, मालेगाव तालुक्यात वडनेर खाकुर्डी आहे, अमरावती जिल्ह्यात दर्यापूर तालुक्यात वडनेर गंगाई आहे, वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट तालुक्यातही वडनेर आहे. गावात राहणाऱ्यास नुसते ‘वडनेर’ पुरते. कागदास ते पुरत नाही. म्हणून कागदावर नावापाठोपाठ दुसरा शब्द येतो, आणि त्याच्याही आधी ‘मौजे’ व नंतर ‘परगणे’ अशा दोन जागा भराव्या लागतात. साच्यातील मोकळी जागा जेवढी नेमकी, तेवढा कागद निःसंदिग्ध, हे तत्त्व ह्या जोडनावात दिसते.

ह्या प्रदेशावर एकामागून एक आलेल्या राजवटींनी आपापले साचे आणले. वऱ्हाडची इमादशाही १५७४ मध्ये निजामशाहीत विलीन झाली आणि १५९६ मध्ये प्रांत अकबराकडे गेला. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर निजामाचा अंमल स्थिर झाला. परंतु मराठ्यांचे चौथाई-सरदेशमुखीचे हक्क चालूच राहिले आणि पुढे नागपूरकर भोसल्यांचे कमावीसदार निजामाच्या अंमलदारांशेजारीच वसूल करू लागले. ‘दुअमली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ह्या स्थितीत एकाच गावच्या पाटील-पटवाऱ्यास दोन दरबारांना दोन रीतींनी हिशेब द्यावे लागत. १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा हक्क संपला. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेत आले, १९०२ मध्ये ते कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे राहिले आणि १९०३ मध्ये मध्यप्रांताच्या कारभारास जोडले गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बुलढाणा जिल्हा मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला.

राजवट बदलली की कालगणनाही बदले. मराठी दप्तरात सुहूर सन चाले. त्यात ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. निजामाच्या मुलखात फसली सन चाले. दक्षिणेतील फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. दोन्ही सनांचे आकडे एकमेकांपासून नऊ वर्षांनी दूर आहेत. कागद कोणत्या साच्यातला आहे हे ओळखले नाही, तर वाचणारा एका झटक्यात नऊ वर्षांनी चुकतो. साच्याची ओळख ही पांडित्याची हौस नसून पुरावा वाचण्याची पहिली पायरी आहे, हे एवढ्या एका उदाहरणावरून पटावे.

३

लेखनाचे नमुने एकत्र करून ठेवण्याची प्रथा भारतात जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजशासने कशी लिहावी ह्यासाठी स्वतंत्र अध्याय आहे. गुजरातेत तयार झालेला ‘लेखपद्धती’ हा संस्कृत संग्रह १९२५ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. त्यात राजाज्ञा, दानपत्रे, गहाणखते, घरगुती पत्रे आणि दासीच्या विक्रीचे कागदसुद्धा नमुन्यादाखल दिले आहेत. अशा संग्रहातील नमुना हा कोणा एका व्यवहाराचा कागद नसतो. व्यक्तीच्या जागी ‘अमुक’ आला की तोच मजकूर कोणत्याही व्यवहारास लागू पडतो. मात्र दासीविक्रीचा नमुना तयार असणे ह्याचा अर्थ तो व्यवहार समाजात नित्याचा होता, असाही होतो. साचा हा अशा रीतीने समाजाने काय गृहीत धरले होते त्याची साक्ष देतो. युरोपात सातव्या शतकात मार्कुल्फ नावाच्या भिक्षूने फ्रँक राज्यातील सनदा व खते ह्यांच्या नमुन्यांचा असाच संग्रह केला होता.

महाराष्ट्रात ही परंपरा देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री ह्याच्या नावाशी जोडली जाते. महादेव व रामचंद्र ह्या राजांच्या कारकिर्दीत तो कारभारात होता. मोडी लिपीचे श्रेय परंपरा त्यालाच देते आणि ‘मेस्तक’ नावाने प्रसिद्ध असलेले कारभार व पत्रलेखन ह्यांविषयीचे नियमही त्याच्याच नावे सांगितले जातात. ह्या कर्तृत्वाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि लेखनाचे नियम कोणा एका मान्यवर अधिकाऱ्याच्या नावावर मांडले जावेत, ही समाजाची गरज त्यातून स्पष्ट होते. साचा निनावी असला तर तो कोणीही मोडू शकतो. नावाने चालला तर त्याला अधिकार प्राप्त होतो.

दुसरा प्रवाह फारसी ‘इन्शा’ शास्त्राचा. बहमनी वजीर महमूद गवान ह्याचा ‘रियाजुल इन्शा’ हा पत्रसंग्रह आणि ‘मनाजिरुल इन्शा’ हा लेखनशास्त्रावरील ग्रंथ दक्षिणेतच तयार झाला. बहमनी राज्यातून निघालेल्या शाह्यांच्या दप्तरांत फारसी साचा आणि मराठी मजकूर एकाच कागदावर नांदू लागले. ‘बजानेब कारकुनानि हाल व इस्तकबाल’ असा आरंभ करून देशमुखांस व मोकदमांस उद्देशून लिहिलेली मराठी पत्रे ह्या मिश्रणाची उदाहरणे होत. ‘हाल व इस्तकबाल’ म्हणजे आताचे आणि पुढे येणारे कारकून. व्यक्तीला नव्हे तर पदाला उद्देशून लिहिलेला हा मायना अधिकारी बदलल्यावरही आज्ञा जिवंत ठेवीत असे.

१६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवकालात ह्या साच्यातील भाषा बदलण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्न झाला. रघुनाथपंडिताच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ‘राजव्यवहारकोशा’त राज्यकारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दहा वर्गांत दिले आहेत आणि त्यांत एक वर्ग केवळ लेखनाचा आहे. प्रत्येक कारकुनाची भाषा सुधारण्यापेक्षा त्याच्या हातातील साचा सुधारावा, म्हणजे पुढचा प्रत्येक कागद आपोआप सुधारेल, ही कल्पना ह्या उद्योगाच्या मुळाशी आहे. तरीही पेशवाईअखेर ‘मौजे’, ‘मजकूर’, ‘दस्तऐवज’ हे शब्द टिकलेच. साचा वरून बदलता येतो. हाताची सवय त्या वेगाने बदलत नाही.

४

मराठी पत्राच्या साच्याचे भाग ठरलेले होते. माथ्यावर ‘श्री’, नंतर मायना, त्यानंतर ‘विनंती विशेष’ किंवा तत्सम शब्दांनी मजकुराला आरंभ, मग मजकूर, मिती आणि समाप्ती. ज्याला लिहावयाचे त्याच्या दर्जाप्रमाणे मायना बदले. वडिलांस ‘तीर्थरूप’, धाकट्यास ‘चिरंजीव’, विद्वान ब्राह्मणास ‘वेदमूर्ती’, सरदारास ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’. समाप्तीही तशीच : वरिष्ठास ‘हे विनंती’, कनिष्ठास ‘जाणिजे’. गावच्या मोकदमास गेलेला कागद ‘जाणिजे’ने संपला म्हणजे तो हुकूम आहे हे निराळे सांगावे लागत नसे. मायना चुकला तर मजकूर बरोबर असूनही पत्र अपमानकारक ठरे. म्हणून चिटणिसी दप्तरांत कोणास कोणता मायना लिहावयाचा त्याच्या याद्या ठेविलेल्या असत आणि नव्या कारकुनाचे शिक्षण त्या याद्यांच्या नकलांपासून सुरू होई.

हे झाले टेम्प्लेटविषयी. मॅक्रोचे काम मोडीतील संक्षेप करीत. मोडी ही बोरू न उचलता लिहावयाची लिपी; तिच्यात शब्द तोडण्याची रीत नव्हती आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळला जात नसे. त्यातच ‘राजश्री’ऐवजी ‘रा॥’, ‘मौजे’ऐवजी ‘मौ॥’, ‘परगणे’ऐवजी ‘प॥’ अशा खुणा येत. ‘छ’ हे अक्षर दिसले की पुढे मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे तारीख, येणार हे वाचणारास ठाऊक असे. ‘पौ॥’ म्हणजे पत्र पोचल्याची नोंद. एक खूण लिहिणाराच्या हातात आखडे आणि वाचणाराच्या डोळ्यांत विस्तारे. विस्ताराचा नियम मात्र कागदावर कोठेही लिहिलेला नसे. तो दोघांच्या समान शिक्षणात असे. ही समानता संपली की खूण मुकी होते. आज मोडी वाचकास अक्षरांपेक्षा संक्षेपच अधिक अडवितात, त्याचे कारण हेच.

ह्या साच्यांचा खरा भार इनामपत्रांत जाणवतो. इनाम देताना ‘कुलबाब कुलकानू’, ‘हालीपट्टी व पेस्तरपट्टी’, ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप’ सहित आणि ‘खेरीज हक्कदार व इनामदार करून’ असे शब्द येत. वाचणारास ही शब्दांची आरास वाटेल. परंतु प्रत्येक शब्द एकेका तंट्याचे दार बंद करीत असे. ‘पेस्तरपट्टी’ नसती, तर पुढे बसणाऱ्या करातून सूट मिळाली की नाही हा वाद उभा राहिला असता. ‘खेरीज हक्कदार’ नसते, तर गावातील महार, जोशी, मुलाणा अशा वतनदारांचे जुने हक्क नव्या इनामदाराने गिळले असते. साच्यातील एक शब्द गाळला तर ज्याला त्या कागदाची वार्ताही नाही अशा माणसाचे पोट बुडू शकत होते.

साच्याचा शेवटही तितकाच विचारपूर्वक होता. ‘प्रतिवर्षी नवीन पत्राचा आक्षेप न करणे, या पत्राची प्रत लिहून घेऊन हे अस्सल पत्र भोगवटियास परतून देणे’ ह्या वाक्यात नकलेची व्यवस्था सांगितली आहे : नक्कल सरकारी अंमलदाराकडे, अस्सल भोगवटेदाराकडे. त्यानंतर ‘लेखनसीमा’ किंवा ‘मोर्तब सुद’ ही मुद्रा. तिच्याखाली लिहिलेले काहीही मूळ लेखनाचा भाग नव्हे. साच्याची सीमा कोठे संपते हे दाखविण्याचे काम ही मुद्रा करी. कागद हाती पडलेल्या माणसाने त्यात भर घालू नये, ह्यासाठीची ती तजवीज होती. ज्याला साचा पाठ आहे त्यालाच बनावट कागद करणे साधते, हे दप्तरदारांस पुरते ठाऊक होते.

५

१८६१ मध्ये मुंबई इलाख्याची मोजणी व जमाबंदीची पद्धत वऱ्हाडात लागू करण्यास प्रारंभ झाला आणि साच्याचे स्वरूप मुळातून बदलले. प्रत्येक शेताला क्रमांक मिळाला. वाक्याची जागा रकान्याने घेतली. पूर्वीच्या थळझाड्यात पटवारी शेताचे वर्णन करी. नव्या पत्रकात तो रकाना भरी. १८९६ च्या वऱ्हाड जमीन महसूल कायद्याने आणि १९०० च्या पाटील-पटवारी कायद्याने ही पत्रके कोणी, केव्हा व कोणाच्या देखरेखीखाली ठेवावयाची ते ठरविले. १९२८ मध्ये नवा महसूल कायदा आला, १९५४ चा मध्यप्रदेशाचा कायदा त्यामागून आला, आणि महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ हा १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आला. एका पटवाऱ्याच्या हयातीत तीन कायद्यांचे नमुने हाताळावे लागले असतील.

नव्या व्यवस्थेत गावाच्या दप्तरासाठी एकवीस गाव नमुने ठरले आहेत. त्यांतील सातवा अधिकार अभिलेखाचा व बारावा पिकांच्या नोंदीचा. हे दोन एकाच कागदावर येऊ लागल्याने ‘सातबारा’ हा शब्द रूढ झाला. सहावा नमुना फेरफारांचा. आठ-अ खातेदाराच्या एकूण धारणेचा. ह्या नमुन्यांची परस्परांशी बांधणी अशी आहे की सातव्या नमुन्यातील मालक बदलावयाचा असेल तर आधी सहाव्यात नोंद झाली पाहिजे, चावडीवर नोटीस लागली पाहिजे आणि अधिकाऱ्याने ती प्रमाणित केली पाहिजे. म्हणजे साचा हा केवळ जागा भरण्याचा कागद न राहता क्रियांचा क्रमही ठरवू लागला. एक नोंद दुसरी ओढून आणते, ही रचना मॅक्रोच्या कल्पनेच्या अगदी निकट आहे.

रकान्याने सोय झाली तशी एक अडचणही निर्माण झाली. वाक्यात काहीही सांगता येते. रकान्यात, ज्याला जागा आहे तेवढेच. सातव्या नमुन्यातील ‘इतर अधिकार’ हा रकाना ह्या दृष्टीने लक्षणीय आहे. कुळाचा हक्क, विहिरीतील वाटा, बोजा अशा गोष्टी तेथे येतात. अधिनियमाच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावयाची असते. म्हणून ज्याचे नाव रकान्यात उतरले तो निश्चिंत राहतो. ज्याचे उतरले नाही त्याला पुराव्याचा सगळा भार स्वतः वाहावा लागतो. जुन्या इनामपत्रातील ‘खेरीज हक्कदार’ ह्या दोन शब्दांचे काम आता हा एक रकाना करतो. तो रिकामा राहणे ही कारकुनी बाब नव्हे.

६

विसाव्या शतकात छापील नमुने, टंकलेखन यंत्र आणि चक्रमुद्रण ह्यांनी साचा स्वस्त केला. १९५५ मध्ये गोदरेज कंपनीने भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले. भाषेच्या अंगाने साचा घडविण्याचे कामही चालू होते. बडोद्यास १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनकल्पतरू’ हा अनेक भाषांतील शासनशब्दांचा कोश निघाला. ६ जुलै १९६० रोजी महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय स्थापन झाले. १९६२ मध्ये ‘पदनाम कोश’ आला आणि ‘प्रशासन वाक्प्रयोग’ ह्या पुस्तकाने टिपणी-मसुद्यांतील नित्याच्या वाक्यांना मराठी रूपे दिली. ‘राजव्यवहारकोशा’शी ह्या प्रयत्नाचे नाते उघड आहे : शब्द नव्हे, तर पुन्हा पुन्हा लागणारी सबंध वाक्येच तयार करून कारकुनाच्या हाती ठेवावयाची.

संगणकाच्या क्षेत्रात मॅक्रो हा शब्द प्रथम आज्ञावली लिहिणारांनी वापरला : एका आज्ञेच्या जागी अनेक आज्ञांचा विस्तार. १९७६ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी ह्या संस्थेत तयार झालेल्या ईमॅक्स ह्या संपादकाचे नावच ‘एडिटिंग मॅक्रोज’ ह्या शब्दांवरून पडले. १९७८ मध्ये वर्डस्टार आणि १९८३ मध्ये मायक्रोसॉफ्ट वर्ड आले. १९८९ मध्ये विंडोजवरील वर्डबरोबर वर्डबेसिक ही मॅक्रो लिहिण्याची भाषा मिळाली. १९९७ च्या आवृत्तीत तिची जागा अधिक समर्थ भाषेने घेतली. इतके दिवस साच्यात केवळ मजकूर असे. आता साच्यात कृती येऊन बसली. पत्र उघडताच तारीख भरली जावी, जावक क्रमांक पुढे सरकावा, नावांच्या यादीतून शंभर नोटिसा तयार व्हाव्यात, ही कामे साचाच करू लागला.

येथे व्यवस्थेचा प्रश्न उभा राहतो. वर्डमध्ये ‘नॉर्मल’ नावाचा एक सर्वसाधारण साचा असतो. प्रत्येक कोरा कागद त्यातूनच निघतो. त्यात बदल केला की तो बदल पुढील सर्व नव्या कागदांत उतरतो. त्याशिवाय विशिष्ट कामांचे साचे वेगळे ठेवता येतात, आणि एका साच्यातील शैली व मॅक्रो दुसऱ्यात नेण्याची सोयही असते. अनुभवाने काही नियम रूढ झाले आहेत. सर्वसाधारण साचा शक्यतो मोकळा ठेवावा व कचेरीचे मॅक्रो स्वतंत्र साच्यात ठेवावेत. साचे एका ठिकाणी असावेत आणि कारकुनांना ते वाचता यावेत पण बदलता येऊ नयेत. प्रत्येक साच्यास नाव व आवृत्ती असावी. जुना साचा रद्द झाला तर त्याची प्रत तारखेनिशी राखून ठेवावी. मायन्यांची यादी चिटणिसाच्या ताब्यात असे आणि कारकून तिची नक्कल वापरी, ही पेशवाईतील रीत ह्याहून वेगळी नव्हती. ज्या कचेरीत प्रत्येक जण मागील पत्र उघडून, त्यातले नाव बदलून नवे पत्र काढतो, तेथे मागल्या पत्रातील चूक, कधी मागल्या माणसाचे नावसुद्धा, पुढच्या पत्रात शिल्लक राहते. साचा नसल्यामुळे हे घडते, असे नव्हे. साच्याला धनी नसल्यामुळे घडते.

साच्यात कृती आल्याने बनावटीचे नवे रूपही निर्माण झाले. १९९५ मध्ये ‘कन्सेप्ट’ नावाचा पहिला मोठ्या प्रमाणावर पसरलेला मॅक्रो-विषाणू निघाला. बाधित कागद उघडला की तो स्वतःस ‘नॉर्मल’ साच्यात नोंदवी आणि मग त्या संगणकावर जतन होणारे पुढचे कागद बाधित होत. मार्च १९९९ मध्ये ‘मेलिसा’ हा विषाणू पत्त्यांच्या यादीतील पहिल्या पन्नास जणांना स्वतःस टपालाने पाठवीत पसरला. दोन्ही ठिकाणी हल्ला कागदावर नव्हता; ज्या साच्यावर सर्वांचा विश्वास होता त्या साच्यावर होता. २००७ च्या आवृत्तीपासून मॅक्रो असलेल्या आणि नसलेल्या फाइलींना वेगवेगळी विस्तारनामे देण्यात आली; २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या कागदांतील मॅक्रो मूळातच बंद ठेवण्याचे धोरण मायक्रोसॉफ्टने स्वीकारले. विश्वासू माणसाने अंकीय स्वाक्षरी केलेला मॅक्रोच चालू द्यावयाचा, ही तजवीज ‘मोर्तब सुद’चेच आधुनिक रूप होय.

७

मराठीपुरती आणखी एक अडचण होती. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि भारतीय लिप्यांसाठी तिने साधने तयार केली. ‘श्रीलिपी’सारखी खासगी साधनेही पुण्यातून निघाली. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांची प्रमाण संकेतावली ठरली आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला. परंतु कचेऱ्यांतील बहुसंख्य साचे फाँटवर आधारलेल्या निरनिराळ्या संकेतांत लिहिले गेले. तो फाँट संगणकावर नसला तर सुवाच्य मराठी पत्राच्या जागी निरर्थक रोमन चिन्हे दिसतात. असे जुने कागद युनिकोडमध्ये आणण्यासाठी पुन्हा मॅक्रोचाच उपयोग करावा लागला. तेथेही केवळ चिन्हास चिन्ह बदलून भागत नाही. जुन्या संकेतात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी नोंदली जाई, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफार जुन्या संकेतात अक्षरामागून येई, युनिकोडमध्ये तो आधी लिहावा लागतो. क्रम सुधारणारा नियम मॅक्रोत नसेल तर रूपांतरित कागद दिसतो मराठी, पण वाचता येत नाही.

मोडीची जी गत झाली तिची ही लहान आवृत्ती होय. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून शिकविली जाणारी मोडी शिक्षणातून गेली आणि एका पिढीत घरोघरचे खरेदीखत त्याच घरातील माणसांना परके झाले. मोडी लिपी युनिकोडमध्ये २०१४ साली आली. त्यामुळे ती संगणकावर लिहिता येते, परंतु वाचण्याची विद्या संकेताबरोबर येत नाही.

सातबाराचा प्रवास ह्याच वळणाने झाला आहे. हस्तलिखित नोंदी संगणकात घेताना ज्या चुका शिरल्या त्या दुरुस्त करण्यासाठी गावोगाव चावडीवाचन करावे लागले आणि लेखनप्रमाद दुरुस्त करण्याच्या कलम १५५ चा आधार घ्यावा लागला. १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरी असलेला सातबारा मिळू लागला. २०२० मध्ये सातबाराच्या नमुन्यात सुधारणा झाली, तेव्हा गावाच्या नावाबरोबर त्याचा संकेतांक छापण्याचे ठरले. वडनेर नावाच्या पुष्कळ गावांतून एक निवडण्यासाठी जो ‘भोलजी’ शब्द पुरेसा होता, त्याच्या सोबतीस आता एक आकडा उभा राहिला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीने बाराव्या नमुन्यातील पिकाची नोंद करण्याचे काम शेतकऱ्याच्या हाती दिले. शतकाहून अधिक काळ पटवाऱ्याने भरलेला रकाना प्रथमच ज्याचे शेत त्याच्याकडे आला. साचा तोच, भरणारा हात बदलला.

८

वरील आढाव्यातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की साचा श्रम वाचवितो, त्याच प्रमाणात चूकही वाढवितो. एका पत्रातील चूक एका पत्रापुरती असते, साच्यातील चूक त्यातून निघालेल्या प्रत्येक कागदात असते. दुसरी ही की संक्षेप असो वा मॅक्रो, त्याच्या विस्ताराचा नियम लिहून ठेविला नाही तर पुढील पिढीला तो कागद बंद होतो. तिसरी ही की साचा कोणाच्या ताब्यात आहे ह्यावर त्यात कोणाच्या हक्काला जागा मिळेल हे अवलंबून असते.

इतिहाससंशोधनाच्या दृष्टीने ह्यातून एक कर्तव्य निघते. दप्तरखान्यांत भरलेले कागद जपले जातात. कोरे नमुने रद्दीत जातात. नवा फॉर्म आला की जुन्याचे गठ्ठे विकले जातात. नवे साधन आले की जुने टेम्प्लेट आणि मॅक्रो पुसले जातात. मायन्यांच्या याद्या आपल्यापर्यंत आल्या त्या कारकुनांनी शिकण्यासाठी त्या वहीत उतरून घेतल्या म्हणून. आजच्या तहसील कचेरीतील किंवा ग्रामपंचायतीतील साच्यांची अशी वही कोणी करीत नाही. पुढील काळात एखाद्या सातबारावरील रिकाम्या रकान्याचा अर्थ लावावयाचा झाला, तर त्या वर्षी त्या नमुन्यात तो रकाना होता की नव्हता, तो भरणे सक्तीचे होते की ऐच्छिक, आणि तो माणूस भरीत होता की यंत्र, ह्या प्रश्नांची उत्तरे भरलेल्या कागदात मिळणार नाहीत. ती कोऱ्या नमुन्यात आणि त्यामागील सूचनांत आहेत. म्हणून प्रत्येक जिल्ह्याच्या अभिलेखागारात कालबाह्य झालेल्या नमुन्याची एक कोरी प्रत, तो लागू झाल्याच्या व रद्द झाल्याच्या तारखेसह, तसेच संगणकीय साच्यांच्या बाबतीत त्यांतील मॅक्रोचा वाचनीय मजकूर, राखून ठेवण्याची व्यवस्था झाली पाहिजे. हे काम खर्चाचे नाही. मात्र वेळीच केले नाही तर मागाहून करता येण्यासारखेही नाही.